ओटा गेला गाडीखाली

भाजीबाजाराला येणारी माणसं सोडली, तर बेंगळुरूच्या के. आर. पुरमला मुद्दाम कोणी येत नाही. इथून सगळे कुठेतरी जायला निघालेले असतात. कोणी ओल्ड मद्रास रोडने होसकोटे-कोलारकडे, कोणी रिंग रोडने मारतहळ्ळीकडे, कोणी रेल्वेने चेन्नईकडे. २००३ साली रेल्वेरुळांवर पोलादी दोरांनी पेललेला पूल झाला, तेव्हा इथला चक्काजाम संपणार असं ठरलं होतं. पूल उभा आहे, आणि त्यावर गाड्याही उभ्याच आहेत. पुढे २५ मार्च २०२३ ला व्हाइटफील्डहून मेट्रो के. आर. पुरमपर्यंत आली आणि बैयप्पनहळ्ळीच्या अलीकडे, जेमतेम दोन किलोमीटरसाठी, ९ ऑक्टोबरपर्यंत अडून राहिली. मधले साडेसहा महिने प्रवासी मेट्रोतून उतरून बसमध्ये चढत आणि बसमधून उतरून पुन्हा मेट्रोत चढत. अशा गावात घरापुढे निवांत बसण्याची चर्चा काढणं म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावर योगनिद्रेचा वर्ग घेण्यासारखं आहे.

पण बसण्याची हौस सगळ्यात दांडगी दिसते ती अशाच गावात.

मोठा रस्ता सोडून जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरलं, की ज्या थोड्या घरांना अजून बिल्डरचा हात लागलेला नाही, त्यांच्या दर्शनी अंगाला जगली दिसते. जगली म्हणजे आपला ओटा. रस्त्यापासून दोन-अडीच फूट उंच, कडेला ग्रॅनाइटच्या लांब फरश्या, आत लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन, वर मंगळुरी कौलं आणि त्यांना तोलणारे दोन-तीन खांब. फरशीची कड नीट पाहिली, तर ठरावीक दोन-तीन जागी ती जास्त गुळगुळीत झालेली असते. तिथे कोण बसत असे हे घरातल्यांना पिढ्यांनुसार सांगता येतं. एखाद्या फरशीवर चौकाबाऱ्याचा पट कोरलेला असतो. पाच गुणिले पाच घरं, मधल्या आणि कडेच्या काही घरांत फुल्या. सोंगट्या म्हणून चिंचोके, फासे म्हणून कवड्या. या पटावर झालेली भांडणं घरातल्या वाटणीच्या भांडणांपेक्षा जास्त काळ लक्षात राहिलेली असतात.

अशा जगलीचा दिवस सकाळी नंदिनी दुधाच्या पिशव्यांनी सुरू होतो. मग पुढची जागा झाडून, पाणी शिंपडून रांगोळी निघते. मग ताता, म्हणजे आजोबा, ‘प्रजावाणी’ घेऊन बसतात. पेपर हातात असला, तरी लक्ष सगळं रस्त्यावर. दुपारी फुलवाली टोपली टेकवते आणि मल्लिगे-कनकांबराचे, म्हणजे मोगरा-अबोलीचे, गजरे ओवत बसते. गजरा हाताने, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत मोजायचा असल्यामुळे ज्याचा हात लांब त्याने मोजावा असं गिऱ्हाइकाचं मत असतं, आणि फुलवालीचं नेमकं उलट.

डिसेंबर-जानेवारीत मात्र जगली खरी कामाला लागते. तो अवरेकाईचा हंगाम. अवरेकाई ही आपल्या पावट्याचीच जात. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे आणि मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत चिमटून सालीतून बाहेर उडवायचा. हे सोललेले दाणे म्हणजे हितकिद अवरेबेळे. त्यांचं सारू करतात, आणि ते ज्याने खाल्लं तो त्या हंगामात दुसरं काही मागत नाही. वालाच्या डाळिंब्या सोललेल्या कोणालाही हे काम एकट्याने करायचं नसतं हे सांगायला नको. एकटीने सोलायला बसलं, तर पाव किलोत जन्म नकोसा होतो. चौघी बसल्या, तर पातेलं कधी भरलं ते कळत नाही. आणि तेवढ्या वेळात पाचवी, जी आलेली नाही, तिच्या सुनेचा संपूर्ण इतिहास सोलून होतो. हे काम स्वयंपाकघरात बसून करता येतं का? येतं. पण स्वयंपाकघरातून रस्ता दिसत नाही, आणि रस्त्यावरून जाणारी पाचवी दिसली नाही, तर विषय कधी बदलायचा हे कसं कळणार?

ओट्याची गोडी नेमकी इथे आहे. वास्तुशास्त्राची पुस्तकं वारा, सावली, पावसाचे ओघळ असलं काही सांगतात आणि ते सगळं खरंच आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशेहून अधिक मीटर उंच, हवा मुळातच बाहेर बसावं अशी. पण नुसत्या वाऱ्यासाठी माणसं गच्चीवरही गेली असती. ओट्यावर माणूस घरात असतो आणि नसतोही. पाहुणा आलेला असतो आणि आलेला नसतोही. या दोन नकारांतून जी सोय निर्माण होते तिला तोड नाही. पाहुण्याने उंबरठा ओलांडला, की यजमानावर कलमं लागू होतात. आधी पाणी, मग चहा, मग पोहे. नऊ वाजता तो अजून बसलेलाच असेल, तर पान मांडावं लागतं. ओट्यावर मात्र दीड तास बोलून झालं, तरी यजमान काही देणं लागत नाही. “चहा टाकू का?” हा प्रश्न इथे पाहुणा उठून चपला घालायला लागल्यावर विचारतात. “नको, आत्ताच झाला” हे उत्तर दोघांनाही आधीपासून पाठ असतं. दोघंही समाधानाने घरी जातात. एक तर मुळात घरीच असतो.

कानडीत यासाठी तयार वाक्य आहे. “ऊटा आयता?” जेवण झालं का? सकाळी दहाला विचारतात, दुपारी चारलाही विचारतात. जगलीवरून विचारलेल्या या प्रश्नाला “नाही” असं उत्तर देणारा परगावचा समजावा. आपल्याकडे “काय, कुठे निघालात?” याचं उत्तर “हे काय, इथेच” असं असतं, आणि असं सांगणाऱ्याच्या हातात सुटकेस असली तरी कोणी शंका काढत नाही.

अमेरिकेत जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली शहरांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांपेक्षा त्यावर लागलेल्या शेजारच्या डोळ्यांमुळे. नगररचनेत तेव्हापासून त्यांचा मोठा मान आहे. के. आर. पुरमच्या अज्जींनी ते पुस्तक वाचलेलं नाही, पण पहारा चोख असतो. गल्लीत अनोळखी माणूस शिरला, की पहिल्या जगलीवरून “यारु बेकु?” असा प्रश्न येतो. कोण हवंय? तो चुकवून पुढे गेला, तर दुसऱ्या जगलीवर तोच प्रश्न, आवाज थोडा वर. आता त्या जागी कॅमेरे आले आहेत. कॅमेरा सगळं बघतो, पण तोंड उघडत नाही; ज्या घरात अज्जी आहेत तिथे हा गुण नसून दोष मानला जातो.

मग हा ओटा गेला कुठे? तर गाडीखाली गेला.

बेंगळुरूत जमिनीचा हिशेब ‘थर्टी-फॉर्टी’त चालतो. तीस बाय चाळीस फुटांची साइट, म्हणजे बाराशे चौरस फूट. ‘सिक्स्टी-फॉर्टी’वाला श्रीमंत, ‘ट्वेन्टी-थर्टी’वाला चिकाटीचा. त्या बाराशेत एक मोटार उभी करायची तर दारं उघडायच्या जागेसकट दीडशेएक चौरस फूट जातात, म्हणजे साइटचा आठवा हिस्सा. शहरात नोंदलेल्या वाहनांचा आकडा एक कोटीच्या वर गेला आहे, आणि त्यातलं प्रत्येक वाहन रात्री कुठेतरी झोपतं. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांनी मोटार पाहिली नव्हती. भट निदान सकाळी उठून नदीवर तरी जात असे. मोटारीला आधी ओट्यापुढची जागा दिली, मग चढायला त्रास होतो म्हणून ओटा फोडून सपाट केला, मग चाकांसाठी सिमेंटचा उतार थेट फूटपाथवर सोडला, आणि शेवटी गेटवर पाटी लागली: गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल. घरापुढे कोणीतरी येऊन टेकावं म्हणून जी जागा होती, तिथे आता कोणी थांबलंच तर त्याची हवा काढतात.

इथल्या घरांच्या जाहिरातीत या जागेला पोर्टिको म्हणतात. पोर्टिकोत गाडीची जी सरबराई होते ती ओट्याच्या भरभराटीच्या काळातही कोणा आजोबांची झालेली नाही. तिला सावली असते, रोज सकाळी बादलीभर पाण्याने अंघोळ असते आणि थंडीत अंगावर जाड कव्हर असतं. आजोबांना मिळते प्लास्टिकची खुर्ची, बंपर आणि तुळशीचं वृंदावन यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. तीही कोणी नेऊ नये म्हणून काही ठिकाणी गेटला साखळीने बांधलेली असते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला साखळी खुर्चीची आहे की आजोबांची, हे चटकन कळत नाही.

मात्र आजोबांची जात हार मानणारी नाही. सकाळी गाडी ऑफिसला गेली, की ते खुर्ची बरोबर मधोमध आणून ठेवतात. तेलाचे डाग चुकवून पाय लांब करतात आणि पोर्टिकोचा पुन्हा ओटा होतो. गाडी परत येईपर्यंत सगळं राज्य त्यांचं. आणि गाडी कधी येणार हे जवळच्या टिन फॅक्टरीच्या चौकात ठरतं. तिथली कोंडी जितकी मोठी, तितका आजोबांचा ओटा लांबतो. मुलगा दात-ओठ खात रात्री नवाला पोचतो, तेव्हा आजोबा अत्यंत प्रसन्न असतात. शहराच्या वाहतूक कोंडीमुळे किती तास वाया जातात याचे हिशेब नेहमी मांडले जातात; पण त्यातले किती तास आजोबांच्या खात्यात जमा झाले, याची मोजदाद कोणी करत नाही. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा या वर्गावर आलेलं संकट कोणाच्या लक्षातही आलं नाही. गाडी सलग कित्येक महिने जागची हलली नाही. ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा तरुण हळहळले. ज्येष्ठांनी त्याच दिवशी खुर्ची पुसून ठेवली.

ओटा मोडण्याचा आळ एकट्या मोटारीवर घालणं तसं बरोबर नाही. दुसरा संशयित तर के. आर. पुरममध्येच जन्मला. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा स्वतंत्र भारताचा पहिला सरकारी कारखाना इथेच उभा राहिला, आणि त्याच्या भोवतालच्या वस्तीला दूरवाणीनगर असं नाव मिळालं. देशभरातल्या दिवाणखान्यांत विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेले ते काळे, वजनदार, चकती फिरवायचे फोन मोठ्या संख्येने इथून गेले. बोलायला ओट्यावर जायची गरज संपवणारं यंत्र इथे बनत होतं, आणि ते बनवणारे कामगार शिफ्ट संपल्यावर घरी जाऊन जगलीवर बसून गप्पा मारत होते.

गंमत म्हणजे फोनने आधी ओटा वाढवलाच. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे गल्लीत एकाकडे फोन आणि बाकी सगळ्यांच्या पत्रिकांवर, अर्जांवर त्याचाच नंबर, पुढे कंसात पी. पी. रात्री ट्रंककॉल यायचा असला, की ज्याच्यासाठी तो यायचा, तो कुटुंबासह फोनवाल्याकडे येऊन बसे. कुठे? आत बोलावलं तर वर सांगितलेली सगळी कलमं लागू. म्हणून ओट्यावर. मग ट्रंककॉल न लागल्यामुळे दोन घरांची सोयरीक जुळल्याच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. मोबाइल आल्यावर हे संपलं असं वाटत होतं. पण बेंगळुरूच्या काँक्रीटच्या घरांत आत रेंज येत नाही. संध्याकाळी गल्लीतून चाललं, तर प्रत्येक गेटपाशी एकेक माणूस कानाला फोन लावून येरझाऱ्या घालताना दिसतो. सगळे बाहेर, सगळे बोलतायत, फक्त एकमेकांशी नाही.

ओट्याची हौस या गल्ल्यांपुरती नव्हती. के. आर. पुरमहून पूर्वेला व्हाइटफील्ड. आज तिथे काचेच्या इमारती आहेत, पण मुळात ते अँग्लो-इंडियन लोकांचं शेतकरी खेडं होतं. १८८२ मध्ये डी. एस. व्हाइट यांच्या संघटनेला म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, आणि गोल आखणीचं टुमदार गाव उभं राहिलं. इनर सर्कल हे नाव अजून आहे. या बंगल्यांचा पुढचा व्हरांडा आणि त्यावरचं ‘मंकी टॉप’ ही खास बेंगळुरी चीज. टोकदार छपराखाली लाकडी पट्ट्यांची जाळी, ऊन आणि पाऊस दोन्ही गाळून घेणारी. माकडं त्यावर येऊन बसत म्हणून हे नाव, असं सांगतात. साहेबाने छपराला सुद्धा बसणाऱ्याचंच नाव द्यावं, यात त्याची दृष्टी दिसते. अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून पोट भरावं अशी ती योजना होती. आता त्याच परिसरात पंचविशीतली माणसं लॅपटॉपपुढे बसून चाळिशीत निवृत्त व्हायच्या योजना करतात.

मराठी वाचकाला इथे शहाजीराजे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांकडे आलं आणि राजांच्या जहागिरीत गेलं. कोलार, होसकोटेही त्याच जहागिरीत. म्हणजे बेंगळुरूहून कोलारला जाताना मराठी घोडी के. आर. पुरमच्या आसपासूनच गेली असणार. राजे इथल्या कुठल्या जगलीवर घटकाभर टेकले होते, असा दावा अजून कोणी केलेला नाही. व्हॉट्सॲपचं सांगता येत नाही. पुढे १६८७ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी बेंगळुरू तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना विकायला काढलं. मध्येच मोगल फौज घुसली आणि शेवटी वडियारांनी ते पैसे मोगलांना देऊन शहर घेतलं. तीन लाखांत सगळं शहर. आज तेवढ्यात व्हाइटफील्डच्या सोसायटीत एक झाकलेलं पार्किंग मिळालं तरी नशीब म्हणायचं.

ओट्यावर बसून माणूस काही करत नाही, हा समज मात्र साफ खोटा आहे. दक्षिणेत शाळाच ओट्यावर भरत. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना ‘पायल’ शाळा म्हटलंय, आणि आर. के. नारायण यांच्या ‘गाइड’मधला राजू अशाच एका शाळेत अक्षरं गिरवतो. आपल्याकडे पंतोजी कोणा सावकाराच्या ओसरीवर धूळपाटी मांडून मोडी शिकवत. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कोणाचं पोर मार खातंय हे दिसत असे, त्यामुळे प्रगतिपुस्तकाची गरज पडत नसे. त्याच नारायण यांच्या ‘मालगुडी डेज’ची मालिका शंकर नाग यांनी १९८०च्या दशकात आगुंब्याला चित्रित केली. तिथलं दोड्डमने हे जुनं घर पाहायला माणसं अजून जातात. ती आतल्या खोल्या पाहतात, आणि मग बाहेर येऊन बसतात.

अमेरिकेत तर ओट्यावरून राष्ट्राध्यक्षपद मिळवता येतं. १८९६ च्या निवडणुकीत ब्रायन नावाचे उमेदवार रेल्वेने अठरा हजार मैल फिरले, घसा बसेपर्यंत भाषणं केली. त्यांचे विरोधक मॅकिन्ले ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घरापुढच्या व्हरांड्यातून हलले नाहीत. माणसंच त्यांच्याकडे आली, सुमारे साडेसात लाख. शिष्टमंडळं काय बोलणार ते आधी लिहून मागवलं जाई, म्हणजे अडचणीचा प्रश्न यायचा प्रश्नच नाही. मॅकिन्ले जिंकले. आपल्याकडे पाटलांच्या ओसरीवर ग्रामपंचायतीच्या निवडणुका याच पद्धतीने लढवल्या जातात. फक्त साडेसात लाखांना चहा पाजण्याची पाटलांची ऐपत नसते.

पुढे तिकडेही मोटार, टीव्ही आणि एअर कंडिशनर यांनी ओटे रिकामे केले. मग १९८१ मध्ये फ्लोरिडात सीसाइड नावाचं नवं गाव वसवलं, तेव्हा तिथल्या बांधकामाच्या नियमांतच घरापुढे पोर्च हवा असं लिहिलं. ओटा नसेल तर घर बांधता यायचं नाही! गाव इतकं देखणं झालं, की १९९८ मध्ये ‘द ट्रूमन शो’ या चित्रपटाने खोट्या गावासाठी तेच वापरलं. गोव्याला असला नियम कधी लागला नाही. तिथे बाल्कांवात समोरासमोर दगडी सोपो बांधलेले असतात, आणि संध्याकाळी त्यावर कोणी बसलेलं नसलं, तर घरात आजारी कोण आहे याची चौकशी होते.

के. आर. पुरमच्या आसपासच्या उंच इमारतींत सध्या ओट्यावर बसण्याचा हा व्यवसाय मराठी आजी-आजोबाही चालवतात. सांगली, नाशिक, सोलापूर, जिथून म्हणाल तिथून ते नातवंडं सांभाळायला येतात, तीन महिन्यांसाठी म्हणून, आणि पुढे नातू पाचवीत गेला तरी परतीचं तिकीट निघत नाही. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. बाल्कनीतून खाली पाहिलं तर माणसांची टाळकी दिसतात, टाळक्यांना “कुठे निघालात?” विचारता येत नाही. म्हणून पाच वाजता सगळे खाली येतात आणि गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर ठाण मांडतात. बाग मागच्या बाजूला आहे, तिथे लाकडी बाकं आहेत, कारंजं आहे. तिथे कोणी जात नाही. कारंज्यावरून कोण आलं-गेलं हे दिसत नाही.

या बाकावर एक मराठी, दोन तेलुगू, एक बंगाली आणि एक कुठल्याही भाषेत गप्प राहणारे असं मंडळ असतं. सुरुवातीला हिंदीची ओढाताण होते. नंतर गुडघ्यांवर विषय येतो आणि भाषेची अडचण राहत नाही. गेटवर आलेल्या प्रत्येकाची माहिती सुरक्षारक्षक फोनमधल्या ॲपवर भरतो. वर फ्लॅटमध्ये घंटी वाजते, कोणीतरी न बघता ‘अप्रूव्ह’ दाबतं. बाकावर मात्र खरी तपासणी होते. “अकराशे दोनला? ते गावाला गेलेत. कालच गेले. पार्सल इकडे दे, आणि पाणी पी आधी.” डिलिव्हरीवाला पोरगा दोन मिनिटं टेकतो. तो कुठल्या गावचा, घरी कोण, लग्न झालं का, पगार वेळेवर होतो का, एवढं चौकशीत निघतं. ॲपला त्याचा फक्त मोबाइल नंबर माहीत असतो.

कोणी बसू नये म्हणून शहराने अलीकडे बरेच कष्ट घेतले आहेत. दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी काटे, भिंतींच्या कडा मुद्दाम उतरत्या, बंद एटीएमच्या पायरीवर कुंड्यांची रांग. कुंडी मात्र फार दिवस टिकत नाही. एक बाजूला सरकते, मग दुसरी, आणि आठवड्याभरात तिथे चहाचे ग्लास दिसतात. जमिनीपासून दीड फूट उंच आणि सपाट काहीही मिळालं, की माणूस त्याचा ओटा करतो.

या सगळ्यांत एकच ओटा निर्धास्त आहे. तो म्हणजे अश्वत्थकट्टे. पिंपळ आणि कडुनिंब शेजारी लावून त्यांचं रीतसर लग्न लावलेलं, भोवती दगडी पार, आणि पारावर नागाचे दगड ओळीने उभे, हळदीकुंकवाने माखलेले. बेंगळुरूत रस्ते रुंद करताना घरं गेली, दुकानं गेली, शेकडो झाडं गेली. पण नागशिळा असलेला कट्टा दिसला, की आराखड्यावरची सरळ रेघ तिथे अदबीने वळसा घेते. कुठल्याही इंजिनिअरला नागाला नोटीस बजावायची नसते, कारण सही आपली असते. त्यामुळे पारावर एका बाजूला नाग, दुसऱ्या बाजूला तीन रिक्षावाले, फुलवाली आणि चटईवर पसरलेलं कोणीतरी असं सहजीवन चालतं. घरासमोरचा ओटा वाचवायचा असेल, तर कोपऱ्यात एक नागशिळा बसवावी, असा सल्ला द्यायला हरकत नाही. गाडीला जागा राहणार नाही, पण काढायला सांगायची हिंमतही कोणी करणार नाही.

बिल्डर लोकांना ही ओढ अर्थातच कळली आहे. व्हाइटफील्ड आणि होसकोटेकडच्या नव्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकात ‘सिट-आउट’ असतो. चित्रात वेताची खुर्ची, कॉफीचा कप आणि वाऱ्याने उडणारा पडदा. गंमत कायद्यात आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची जी व्याख्या केली, ती ‘वापरण्याजोग्या’ क्षेत्राची आहे, आणि तिच्यातून बाल्कनी आणि व्हरांडा नावानिशी वगळले आहेत. न्हाणीघर वापरण्याजोगं, भिंतीतलं कपाट ठेवायची जागा वापरण्याजोगी, व्हरांडा नाही. तरी किंमत सांगताना सिट-आउटचा आवाज सगळ्यात मोठा असतो.

नमुना फ्लॅट दाखवणारा दलाल मुलगा-सून-आजोबा अशा कुटुंबाला तिथे नेऊन उभं करतो. चार फूट बाय सात फूट. “सर, ये आपका सिट-आउट. इधर वॉशिंग मशीन, इधर शू-रॅक, ग्रिल लगाया तो बच्चे की सायकल भी बैठती है.”

“और आदमी कहाँ बैठेगा?” आजोबा विचारतात.

“नीचे क्लबहाउस है ना, अंकल. एक दिन पहले ॲप पे बुक करना पड़ता है.”